विक्रेता गायब झाला, तर दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न : कपाशीवरील फवारणीसाठी मी एका ऑनलाइन बाजारस्थळावरून बॅटरीचा पंप मागवला. खोक्यात वापरलेला, गळका पंप निघाला. तक्रार करेपर्यंत विक्रेत्याचे खाते बंद झाले होते आणि ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ असे कंपनीने कळवले. पैसे मात्र मी कंपनीकडेच भरले होते. मग जबाबदारी कोणाची?
– एक शेतकरी वाचक, कळंब तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कंपनीने आपल्याला अर्धाच कायदा सांगितला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देते हे खरे, परंतु ते संरक्षण सशर्त आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार बाजारस्थळाने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे, तिचे निवारण एका महिन्यात करणे आणि ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता पुरवणे बंधनकारक आहे. तेव्हा प्रथम तो पत्ता लेखी मागावा.

आमच्या मते जी कंपनी पैसे स्वीकारते, माल घरपोच करते, परताव्याचे नियम ठरवते आणि प्रत्येक विक्रीवर दलाली घेते, तिने विक्रेता पळाल्यावर हात झटकणे न्याय्य नाही. बाजार समितीत चुकारा थकला की शेतकरी अडत्याच्याच गादीवर जातो, कारण व्यवहार त्याच्यामार्फत झालेला असतो. विक्रेत्याच्या कसुरीची भरपाई बाजारस्थळाने करावी, अशी तरतूद केंद्राने जून २०२१ च्या मसुद्यात सुचवलीही होती. ती नियमांत उतरली नाही. सरसकट जबाबदारी टाकल्यास कंपन्या बचत गटांसारख्या लहान विक्रेत्यांकडून जबर अनामत मागतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण विक्रेता खरा आहे का, एवढे तपासायला अनामत लागत नाही.

कीटकनाशकांच्या बाबतीत तर हे तत्त्व सरकारने मान्यच केले आहे. २०२२ च्या नियमदुरुस्तीने त्यांच्या ऑनलाइन विक्रीला वाट दिली, ती विक्रेत्याचा परवाना पडताळण्याची जबाबदारी बाजारस्थळावर टाकूनच. २०१७ मध्ये फवारणीतील विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावलेल्या आपल्या जिल्ह्यात औषधाची पडताळणी व्हावी आणि ते अंगावर सांडणाऱ्या गळक्या पंपाची होऊ नये, हे विचित्रच म्हणायचे.

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात विक्रेता आणि बाजारस्थळ या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आपण राहता त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले तरी बिघडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पावती, पंपाची छायाचित्रे, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि पत्त्याच्या चिठ्ठीसह खोके जपून ठेवावे.