जुन्या बेंजोला गिअरच्या खुंट्या बसवताना

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या पाच तारांच्या बेंजोच्या लाकडी खुंट्या (पिळून तारा सुरात लावतात त्या) सटकतात, गिअरवाल्या आणून ठेवल्यात, आता भोकं ड्रिलने मोठी करू का. ड्रिल नको, प्लीज. लाकडी खुंटीचं भोक सरळ नसतं, मागून रुंद आणि पुढे निमुळतं असतं, त्यात बिट घातलं की ते कडेला अडकतं आणि झटक्यात आत ओढलं जातं. माझ्या पहिल्या बेंजोचा असाच समोरून नखाएवढा कपचा उडाला, परत चिकटवला पण रेघ अजून दिसते आणि सूर लावताना दरवेळी नजर तिथेच जाते.

त्याआधी एक बघा, बदलायची खरंच गरज आहे का. खुंटी बाहेर काढून उजेडात धरा. घासून आलेली चकाकी पूर्ण गोल असेल तर ती नीट बसतेय, थोडा खडू चोळला तरी काम भागेल. एकाच बाजूला चकाकी असेल तर भोक किंवा खुंटी लंबगोल झालीये, मग बदला.

बदलायचंच ठरलं तर तारा काढायच्या आधी घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) पायांशी पेन्सिलने खुणा करा, ती चिकटवलेली नसते, तारा ढिल्या झाल्या की पडते. मग व्हर्नियर कॅलिपरने भोक दोन्ही बाजूंनी मोजा आणि नव्या खुंटीचा दांडाही मोजा. प्लॅनेटरी खुंट्यांना (गिअरवाल्यांचाच प्रकार, कान म्हणजे फिरवायची मूठ चार वेळा फिरवली की दांडा एकदा फिरतो त्या) बहुतेक वेळा ३/८ इंच म्हणजे साधारण ९.५ मिमी भोक लागतं, पण हातातली मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

भोक हाताच्या रीमरने (भोक हळूहळू तासून रुंद करायचं हत्यार) वाढवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, अर्धा वेढा फिरवायचा, भुसा झटकायचा, खुंटी घालून बघायची. रीमर निमुळता असतो म्हणून थोडं मागून थोडं पुढून, मध्ये उंचवटा राहतो तो गोल कानशीने काढायचा. कंटाळवाणं आहे, एकेका भोकाला अर्धा तास जातो, पण घाई केली की भोक सैल होतं आणि मग लाकडाची बारीक नळी करून भरत बसावं लागतं.

खुंटीच्या बुडाशी एक छोटा खिळा असतो, तो खुंटीला गरगर फिरू देत नाही. खुंटी सरळ धरून दाबा, ठसा उमटेल, तिथे खिळ्याच्या जाडीचं उथळ भोक. समोरचा नट हाताने आवळून वर पाव वेढा, बास, जास्त आवळला तर लाकूड तडकतं.

पाचवी खुंटी वेगळीच, ती मानेच्या कडेला पाचव्या पडद्यापाशी (फ्रेटपाशी) असते आणि दाबून बसवतात. जुनी धातूची असेल तर दांड्याला सोल्डरिंग आयर्न लावून थोडी गरम करा मग हळू ओढा. नवी हातोडीने ठोकू नका, लाकडाचा तुकडा मध्ये घेऊन क्लॅम्पने दाबा. तिच्या भोकाचं माप इथे टाका, मग कुठली बसेल ते बघू.