शुक्रवारी संध्याकाळी निर्णय नको

‘आणखी एक वर्ष द्यावं, की आता थांबावं?’ खेळाडू हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, कधी त्यांचे आईवडील येतात. बहुतेकांना माझ्याकडून हो किंवा नाही एवढंच हवं असतं. गोल्फमध्ये हा प्रश्न जरा जास्तच छळतो, कारण पस्तिशी उलटली तरी ‘आता तुझं वय झालं’ असं इथे कुणी म्हणत नाही. थांबायचं कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

असाच एक जण माझ्याकडे आला होता. त्याच्या परवानगीने लिहिते आहे, पण ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तो कोणत्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या कोणत्या मालिकेत होता, तेही सांगत नाही. मुख्य टूरच्या एक पायरी खाली खेळायचा, एवढं पुरे. अमेरिकेतली कॉर्न फेरी टूर हे अशा टूरचं सगळ्यांत परिचित उदाहरण. प्रायोजकांनुसार नावं बदलत ती १९९० पासून चालू आहे. तिथे हंगामभराच्या गुणतक्त्यातले फक्त वरचे खेळाडू पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या मुख्य टूरवर, जातात. २०२४ मध्ये ३० जणांना ही वाट मोकळी होती, २०२५ पासून २० जणांनाच आहे. स्पर्धा चार दिवसांची, पण गुरुवार-शुक्रवारच्या ३६ होलनंतर (होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, दिवसाला अठरा) कट लागतो आणि निम्म्याहून जास्त खेळाडू घरी जातात. त्यांना बक्षिसातली दमडीही मिळत नाही. विमानाचं तिकीट, मुक्काम आणि कॅडीचे, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे, पैसे मात्र खिशातून गेलेलेच असतात.

म्हणजे दर शुक्रवारी संध्याकाळी निकाल. शाळेत वर्षातून एकदा लागायचा, इथे जवळजवळ दर आठवड्याला.

पहिल्या भेटीत तो एकाच पटबद्दल, म्हणजे चेंडू होलमध्ये घालायच्या शेवटच्या हलक्या फटक्याबद्दल, बोलत राहिला. अठरावा होल, सात-आठ फुटांचा पट, चेंडू कप चाटून बाहेर आला आणि कट एका फटक्याने हुकला. “मॅडम, दडपण आलं की माझे हात गळतात. मी मनाने कच्चा आहे,” असं त्याचं निदान तयारच होतं. मी ते जसंच्या तसं मान्य केलं. श्वासाचे व्यायाम दिले, फटक्याआधीचा ठरावीक क्रम बसवून दिला. ही माझी चूक. दोन भेटींनंतर तो यायचा बंद झाला, आणि त्यात नवल नव्हतं. जो आजार नव्हता त्यावर मी औषध देत होते.

महिन्याभराने त्याचा फोन आला. झोप लागत नव्हती, पहाटे तीनला तो गुणतक्ता उघडून बसायचा. आधी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. झोप उडालेल्या माणसाशी करिअरची चर्चा करण्यात अर्थ नसतो. जगणंच नकोसं वाटतं असं कुणी म्हणालं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं असतं. इथे तशी वेळ नव्हती, पण मी स्पष्ट विचारून खात्री करून घेतली.

मग पुन्हा त्या पटकडे आलो. आठ फुटांवरून पीजीए टूरवरचे खेळाडूही साधारण निम्मेच पट घालतात. हे त्याला माझ्याआधीपासून माहीत होतं. “आकडा माहिती आहे हो, पण तो शुक्रवारी आठवत नाही,” असं तो म्हणाला, आणि मला धागा सापडला. शुक्रवारी आणखी काय काय आठवत नाही? गुरुवारी दुसऱ्याच होलवर त्याने चेंडू पाण्यात घातला होता. फटका तिथेही गेलाच होता, पण त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. छत्तीस होलचा सगळा दोष एकट्या शेवटच्या पटच्या माथी.

शिवाय शुक्रवारी संध्याकाळी तो निर्णय घ्यायचा. त्या हंगामात त्याने दोनदा प्रशिक्षक बदलला होता, गाडीच्या डिकीत तीन पटर (पट मारायच्या काठ्या) पडले होते, आणि खेळ सोडायचं तर किती वेळा ठरवलं याची मोजदाद नव्हती. मंगळवारी सरावाला उतरला की सगळं रद्द.

मी त्याला एक वही करायला सांगितली. शुक्रवारी रात्री जे वाटेल ते डाव्या पानावर, मंगळवारी सरावानंतर जे वाटेल ते उजव्या पानावर. दोन्हींवर अंमल करायचा नाही, नुसतं लिहायचं. नऊ आठवड्यांनी आम्ही ती वही एकत्र वाचली. डावीकडे सात वेळा ‘बास झालं’, उजवीकडे नवांपैकी सहा वेळा ‘स्विंग बरा वाटतोय’ (स्विंग म्हणजे काठी फिरवणं). वाचता वाचता त्याला हसू फुटलं. “ही दोन वेगळी माणसं आहेत.” मी म्हटलं, “मग दोघांनाही मत असू दे. पण सही यांच्यापैकी कुणाची नको.”

निर्णयाची तारीख ठरवली. हंगाम संपल्यावर दोन आठवड्यांनी, पुढच्या पात्रता फेरीचा अर्ज भरायची मुदत संपण्याच्या आधी. तोवर प्रश्न बंद. त्या दिवशी तीन गोष्टी पाहायच्या होत्या. नवं कर्ज न काढता किती स्पर्धांचा खर्च निघेल? कट बाजूला ठेवून वर्षभराची प्रत्येक फेरीतल्या फटक्यांची सरासरी सुधारली का? (कट सापडणं-हुकणं एका फटक्यावर उलटतं, सरासरी इतकी लहरी नसते.) तिसरा प्रश्न मी असा विचारला, “मंगळवार अजून आवडतो का?” ज्या दिवशी कुणी बघत नाही, निकाल नसतो, त्या दिवशीचा खेळ. यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

एका भेटीला वडील आले. त्यांनी अर्जुन अटवालचं उदाहरण दिलं. २०१० मध्ये टूर कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, गेलेलं, सोमवारच्या पात्रता फेरीतून विंडम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि थेट जिंकला. पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण सोमवारी पात्र ठरून त्याच आठवड्यात जिंकणारा त्याच्या आधीचा खेळाडू १९८६ मधला, आणि अटवालही काही नवखा नव्हता, २००३ मध्ये आशियाई टूरच्या कमाईच्या यादीत तो पहिला होता. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते थोडे दुखावले. आशा म्हणून जपलेल्या गोष्टीत आकडे घुसवले की माणूस दुखावतोच.

“मी त्याच्यावर कधीच दबाव आणला नाही,” ते म्हणाले. “स्कोअरसुद्धा विचारत नाही.”

मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, तुम्ही विचारत नाही, कारण तुम्हाला आधीच माहिती असतो. मी फोन करतो तेव्हा तुम्ही ‘जेवलास का’ म्हणता ना, त्या आवाजावरून मला कळतं, तुम्ही अठरा होल बघितलेत.”

वडील प्रत्येक फेरी मोबाइलवर लाइव्ह पाहायचे. दर मिनिटाला पान ताजं करायचे, मुलाच्या वेळेप्रमाणे झोपायचे-उठायचे. पुढच्या स्पर्धेपासून त्यांनी बघणं बंद करावं, असं मी सुचवलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की जमणार नाही. मग तडजोड केली, फोन रविवारी.

ठरलेल्या दिवशी तो आला तेव्हा तिन्ही उत्तरं लिहून आणली होती. पैसे अर्ध्या हंगामापुरते होते. सरासरी जराशी सुधारली होती, आणि नेमकी हीच गोष्ट मला अवघड वाटत होती. तिसऱ्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘दोन वर्षांपासून नाही.’ वहीतल्या उजव्या पानांचं काय, असं मी विचारलं. स्विंग बरा वाटणं वेगळं आणि मंगळवार आवडणं वेगळं, हे त्याने मलाच समजावलं. त्याने अर्ज भरला नाही.

पुढच्या हंगामात, मार्चच्या सुमारास, पुन्हा त्या घरातून फोन आला. मुलगा बरा होता, एका अकादमीत शिकवत होता. फोन वडिलांचा होता, आणि वेळ त्यांना स्वतःसाठी हवी होती.

“मॅडम, शुक्रवारी संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही हो,” ते म्हणाले. “परवासुद्धा मी लीडरबोर्ड उघडून बसलो होतो. एकही नाव ओळखीचं नव्हतं.”