बँड गायब झाला म्हणजे अँटिबॉडी खरी?

प्रश्न : वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवतात (ट्रान्स्फर) आणि अँटिबॉडीने हवं ते प्रथिन रेघेसारखं, म्हणजे बँड म्हणून, दाखवतात. उंदराच्या हृदयाच्या नमुन्यात कॅव्ह १.२ या कॅल्शियम चॅनेलचा (पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या प्रथिनाचा) बँड २४० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास हवा. माझ्या ब्लॉटवर तिथे काहीच नाही, जेलच्या तोंडाशी मात्र काळा डाग आहे. अँटिबॉडी बदलू का?

थांबा. नमुना ९५ अंशांवर उकळलात ना? हे प्रथिन पेशीपटलातून तब्बल २४ वेळा आरपार जातं. उकळलं की त्याचे पाण्याला बिचकणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि तो गोळा जेलमध्ये शिरतच नाही. नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा. जेल ६ टक्क्यांचं घ्या आणि ट्रान्स्फर रात्रभर थंडीत करा. एवढं मोठं प्रथिन घाईघाईत मेम्ब्रेनवर उतरत नाही. पुढे २१० च्या आसपास दुसरा बँड दिसला तर दचकू नका. या प्रथिनाचं सी-टोक (साखळीचं शेवटचं टोक) पेशीतच कापलं जातं. अँटिबॉडी नेमकी त्याच कापल्या जाणाऱ्या तुकड्याला धरणारी असेल, तर मात्र हा २१० चा बँड दिसणार नाही.

प्रश्न : कंपनीने दिलेलं पेप्टाइड (अँटिबॉडी ज्याच्यावर बनवली तो प्रथिनाचा छोटा तुकडा) अँटिबॉडीत मिसळल्यावर बँड गेला. झाली ना खात्री?

नाही! माझ्याकडे सर्वांत जास्त येणारा गैरसमज हाच. पेप्टाइडने अँटिबॉडीचे हात बांधले, एवढंच त्यातून कळतं. ती चुकून दुसऱ्याच प्रथिनाला त्याच हातांनी धरत असेल, तर तो खोटा बँडही तसाच जाईल. खरा पुरावा म्हणजे जीन काढून टाकलेला नमुना. कॅव्ह १.२ पूर्ण काढलेले उंदीर गर्भातच मरतात, म्हणून फक्त एखाद्या ऊतीतून जीन काढलेले उंदीर वापरावे लागतात. तेही नसतील तर एचईके पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशी) एकदा कॅव्ह १.२ आणि एकदा त्याचा जवळचा भाऊ कॅव्ह १.३ घालून दोन्ही शेजारी चालवा. दोन्हीकडे बँड आला तर अँटिबॉडीला भाऊ ओळखता येत नाहीत, असं समजा.

प्रश्न : जिवंत पेशींवर हीच अँटिबॉडी लावू का?

माहितीपत्रकात एपिटोप (प्रथिनाचा जो भाग अँटिबॉडी धरते तो) कुठला आहे ते आधी वाचा. कॅव्ह १.२ च्या बऱ्याच अँटिबॉडी दुसऱ्या आणि तिसऱ्या डोमेनमधल्या (डोमेन म्हणजे प्रथिनाचा मोठा भाग) दुव्यावर बनवलेल्या असतात, आणि तो दुवा पेशीच्या आत असतो. पटलाला भोकं पाडल्याशिवाय अँटिबॉडी तिथे पोहोचणार नाही.

प्रश्न : अँटिबॉडीची कुपी दर वेळी वितळवून पुन्हा गोठवतो. चालेल?

नको. आल्या दिवशीच छोटे भाग करून उणे २० अंशांत ठेवा.