वाचकांचे प्रश्न: हेडसेटमधलं बैठं काम

प्रश्न : क्वेस्ट ३ हा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट लावून घरूनच एक्सेलचं काम करतो. त्यात समोर तीन मोठे आभासी स्क्रीन मांडलेत, पण अक्षरं पुसट दिसतात आणि तासाभरात मान आखडते. काय चुकतंय?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी दोन स्क्रीन बंद करा. ५१५ ग्रॅमचा हेडसेट, तोही बहुतेक नाकापुढे. तो घेऊन मान सारखी डावी-उजवीकडे फिरवली तर ती आखडणारच.

आता अक्षरं. या हेडसेटमध्ये नजरेच्या एका अंशात साधारण २५ पिक्सेल येतात. दीड मीटरवरचा १.४ मीटर रुंद स्क्रीन सुमारे ५० अंश व्यापतो, म्हणजे त्याच्या वाट्याला आले जेमतेम १२५० पिक्सेल. त्यात १९२० पिक्सेलचा डेस्कटॉप कोंबला की बारीक अक्षरं मार खातात. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं मोठी करायची सोय, १५० टक्के करा. स्क्रीन लांब नेऊन त्याच प्रमाणात मोठा केलात तर काही साधत नाही. कोन तेवढाच राहतो.

फार जवळही ओढू नका. भिंगांमुळे डोळ्यांचा फोकस मीटर-दीड मीटरवर बांधलेला असतो. स्क्रीन हातभर अंतरावर आणला की बुबुळं आत वळतात, फोकस मात्र हलत नाही. डोळे शिणतात ते त्यामुळे. स्क्रीनचा मध्य डोळ्यांच्या रेषेखाली २५-३० सेंमी ठेवा. नजर खाली जावी, मान नाही.

सोबत आलेला कापडी पट्टा बैठ्या कामाला कुचकामीच. मागे बॅटरी असलेला, चाकाने आवळायचा पट्टा घ्या. एकूण वजन वाढतं, पण तोल सावरतो. मागची गादी कवटीच्या फुगवट्याखाली बसली पाहिजे. गालांवर वळ उठत असतील तर ती वर सरकली आहे. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून घ्या आणि हेडसेटचं भिंगं सरकवायचं चाक तेवढ्यावर लावा.

प्रश्न : कीबोर्ड बघायला हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून बाहेरचं दृश्य चालू केलं की ट्यूबलाइटखाली सगळं लुकलुकतं. टेबल पूर्वेच्या खिडकीशी आहे.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आपली वीज ५० हर्ट्झची. हेडसेटच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी (कॅमेरे विजेच्या तालाशी जुळवणारा आकडा) ६० असेल तर ५० करा. तरीही लुकलुकलं तर चोक-पट्टीची ट्यूब काढून चांगल्या ड्रायव्हरची (आत वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या सर्किटची) एलईडी लावा. खिडकीला मात्र जाड पडदा हवाच: सकाळचं ऊन भिंगांतून आत एकवटलं की डिस्प्लेवर कायमचा डाग पडतो, अगदी थोड्या वेळात. हेडसेट काढला की भिंगं खाली करून, झाकून ठेवा.