तुमचे प्रश्न : पदवीनंतर मास्टर्स की नोकरी?

प्रश्न : मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर हातात आहे, ओढा मात्र कंट्रोल सिस्टिम्सकडे, म्हणजे यंत्रं आपोआप ताब्यात ठेवण्याच्या शास्त्राकडे. "एकदा पगाराची सवय लागली की पुन्हा वही हातात धरवत नाही," असं सगळेच ऐकवतात. कर्ज काढून लगेच मास्टर्स करू, की दोन वर्षं नोकरी?

उत्तर : सवयीचं नंतर बघू. हव्या त्या कामाला मास्टर्स लागतं का, हे आधी तपासा. पाच वर्षांनी जे काम करावंसं वाटतं त्याच्या ३० जाहिराती जमवा आणि वहीत तीन रकाने आखा : मास्टर्स अनिवार्य, असल्यास उत्तम, उल्लेख नाही. कंट्रोल अल्गोरिदम किंवा चिप डिझाइनच्या कामांत पहिले दोन रकाने भराभर भरतात. पदवीला स्टेट-स्पेसची (यंत्राची स्थिती समीकरणांत मांडायची रीत) तोंडओळख होते, कालमन फिल्टरपर्यंत (चुका असलेल्या मोजमापांतून खरी स्थिती ताडायची रीत) गाडी क्वचितच पोचते, आणि कंपनीत ते शिकवायला कुणाला वेळ नसतो. वेब डेव्हलपमेंट किंवा साइटवरच्या कामात बहुतेक खुणा तिसऱ्या रकान्यात पडतील.

'मास्टर्स किंवा दोन-तीन वर्षांचा अनुभव' या ओळीत एक गोम आहे. अनुभव त्याच विषयातला लागतो. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळण्यात गेलेली दोन वर्षं कंट्रोल्सवाले धरत नाहीत. मोटर ड्राइव्हसाठी एम्बेडेड सी (यंत्रातल्या चिपवर चालणारा कोड) लिहिलं असेल, तर धरतात. म्हणून रुजू होण्याआधी नेमकं कोणतं काम देणार ते विचारा, आणि बाँड किती महिन्यांचा आहे तेही वाचा. प्रवेशाची तारीख आणि बाँडची मुदत एकमेकांवर आली की पंचाईत होते.

आता कर्ज. समजा १०० घेतले, व्याज १० टक्के. अभ्यासाची दोन वर्षं आणि वरचे सहा महिने हप्ता नाही, पण सरळव्याज चढतंच. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल तर हप्ता सुरू होताना १२५ डोक्यावर असतात. तिथून दहा वर्षं फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण १.६५, म्हणजे एकूण जवळपास १९८. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार. मास्टर्सनंतरचा आणि दोन वर्षांच्या नोकरीनंतरचा पगार शेजारी मांडा; फरक हप्त्याहून कमी असेल तर निव्वळ पैशांसाठी मास्टर्सचा हट्ट नको.

ऑफर कंट्रोल्सपासून दूरची असेल आणि घरी पैशांची निकड नसेल, तर मी लगेच मास्टर्सला जा म्हणेन. नोकरीच धरलीत तर कॉलेज सोडण्यापूर्वी शिफारसपत्राची सोय करा. तीन वर्षांनी प्राध्यापकांना तुमचा चेहरा आठवेल, प्रोजेक्ट नाही. मग पत्रात 'मेहनती व प्रामाणिक' एवढंच उरतं, आणि त्यावर प्रवेश मिळत नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट, गुणपत्रिका आणि 'मी यात नेमकं काय केलं' याच्या पाच ओळी त्यांना आजच मेल करून ठेवा. जीआरई (परदेशी मास्टर्ससाठीची प्रवेश परीक्षा) द्यायची असल्यास गणित ताजं असतानाच द्या, गुण ५ वर्षं चालतात. टोफेलचे (इंग्रजीची परीक्षा) २ वर्षंच चालतात, त्यामुळे ती घाई नको. नोकरीत लिहिलेला कोड गोपनीयतेच्या करारामुळे बहुधा दाखवता येत नाही, तेव्हा घरी एखादा छोटा प्रकल्प चालू ठेवा. उलटा लंबक तोलून धरणारा कंट्रोलरसुद्धा चालेल.

प्रश्न : मास्टर्स थीसिसवालं घ्यावं की निव्वळ कोर्सवर्कचं?

उत्तर : पीएचडी किंवा संशोधन विभाग डोळ्यांसमोर असेल तर थीसिस. नाहीतर कोर्सवर्क लवकर उरकतं. थीसिस ठरलाच, तर होकार देण्याआधी त्या गाइडच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचारा : आधीच्यांना पूर्ण करायला किती महिने लागले, आणि दुसऱ्या वर्षी स्टायपेंड चालू राहिला का. मोघम उत्तर आलं तर दुसरा गाइड शोधा.