उपवासाच्या दिवशी पेशींना काय कळते?

प्रश्न : माझे वय ६७ आहे. एकादशी आणि चतुर्थीचे उपवास मी चाळीस वर्षे करीत आलो आहे. उपाशी राहिल्याने ‘म्हातारपणाची प्रथिने’ थंडावतात आणि आयुष्य वाढते, असे मुलाने सांगितल्यावरून मी रात्रीचे जेवण बंद केले, डाळ आणि दूधही कमी केले. पाच महिन्यांत वजन चार किलोंनी उतरले आहे आणि जिना चढताना कठडा धरावा लागतो. माझे काही चुकते आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : डाळ आणि दूध आजपासून पुन्हा पहिल्यासारखे सुरू करावे. तुमच्या मुलाने सांगितले ते खोटे नाही, पण अर्धेच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग नेमका तुमच्या वयाशी संबंधित आहे.

ज्या प्रथिनाविषयी तो बोलत असावा त्याचे नाव एमटॉर. हे नाव एका औषधावरून पडले. १९६४ साली कॅनडाच्या एका पथकाने प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. त्यांतील एका जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅपामायसिन हे औषध वेगळे केले, आणि ते पेशीतील ज्या प्रथिनाला आवर घालते त्याचा, म्हणजे एमटॉरचा (‘रॅपामायसिनचे लक्ष्य’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप), शोध पुढे १९९०च्या दशकात लागला. एमटॉरला बांधकामावरचा मुकादम समजावे. रक्तात इन्शुलिन आहे, प्रथिने ज्यांपासून बनतात ती अमिनो आम्ले, विशेषतः त्यांतले ल्यूसिन, भरपूर आहेत असे दिसले की तो नव्या प्रथिनांचे काम जोरात चालू ठेवतो. माल येणे थांबले की काम थांबते आणि पेशी आपल्याच आतले मोडके भाग तोडून त्यांतून उपयोगी कच्चा माल काढू लागते. या साफसफाईची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. पेशीतील ऊर्जा घटली की जागे होणारे एएमपीके हे प्रथिनही मुकादमाला हात आखडता घ्यायला लावते. सरट्युइन नावाच्या प्रथिनांचाही बराच गाजावाजा झाला, परंतु त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांसाठी पैसे खर्च करावेत असे मला वाटत नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६०० दिवसांच्या, म्हणजे चांगल्याच पोक्त उंदरांना रॅपामायसिन दिले असता त्यांचे आयुष्य वाढले. कमी खाणारे उंदीर अधिक जगतात हे तर १९३५ पासून ठाऊक आहे. माकडांच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या प्रयोगात कमी खाणारी माकडे अधिक जगली, तर तेथीलच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात तसा लाभ दिसला नाही. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या आहारात साखर पुष्कळ होती आणि तुलनेसाठी ठेवलेली माकडे हवे तेवढे खात होती, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. म्हणजे अति खाण्याच्या तुलनेत कमी खाणे सरस ठरले, बेतशीर खाण्याच्या तुलनेत तितकेसे नाही. माणसांना आयुष्यभर असे पिंजऱ्यात ठेवून मोजता येत नाही.

तुमच्या उपवासाविषयीही स्पष्ट बोलावे लागेल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची बशी संपली की थोड्याच वेळात रक्तातील साखर वाढते, तिच्यामागून इन्शुलिन वाढते, वरून दाण्याचे कूट अमिनो आम्ले पुरवते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे उगाच म्हटले जात नाही. व्रत म्हणून तो उपवास जरूर करावा. पेशींच्या लेखी मात्र तो जेवणाचाच दिवस असतो.

आता राहिलेला अर्धा भाग. मांडीचा स्नायू बांधतो तोही हाच मुकादम. वय वाढले की त्याला कमी ऐकू येऊ लागते, असे म्हणू या : तरुण स्नायू थोड्या ल्यूसिनवर कामाला लागतो, त्याच कामासाठी म्हाताऱ्या स्नायूला अधिक लागते. अमेरिकेतील आहार-सर्वेक्षणावर आधारलेल्या २०१४ च्या एका अभ्यासात ५० ते ६५ या वयात भरपूर प्रथिने खाणाऱ्यांचे मृत्युप्रमाण जास्त आढळले, आणि पासष्टीनंतर हे चित्र उलटले. अशा अभ्यासातून कार्यकारण सिद्ध होत नाही, तरी तुम्ही ती सीमा ओलांडली आहे. आपल्याकडे प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. साठ किलोंच्या माणसाला ते ६० ते ७२ ग्रॅम होते आणि दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरणावर ते भरून निघत नाही. प्रत्येक जेवणात घट्ट वरण किंवा उसळ, सोबत दही, पनीर किंवा चालत असल्यास अंडे असावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

रात्री आठच्या आत जेवून सकाळपर्यंत काही न खाणे तुम्हाला पुरेसे आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता जेवण गाळणे धोक्याचे ठरते. पाच महिन्यांत चार किलो घट झाली आहे, तेव्हा ती केवळ आहारामुळे आहे असे गृहीत न धरता रक्तातील साखर, थायरॉइड आणि छातीचा एक्स-रे यांविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून सलग पाच वेळा उठता येते का, हेही तपासावे, मात्र त्या वेळी जवळ कोणी असू द्यावे. जमत नसेल तर तपासणीला जाताना तेही डॉक्टरांना सांगावे.