विशेष शिक्षण आणि पालकांचा सल्लागार गट : वाचकांचे प्रश्न

मुलांच्या शिक्षणाविषयीच्या या सदरासाठी या वेळी इंदूरहून आलेली चार पत्रे निवडली आहेत. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांनी एकत्र येऊन शाळेला सल्ला द्यावा, मदत करावी आणि प्रसंगी जाबही विचारावा, हे आपल्याकडे कसे जमेल, हा या चारही पत्रांचा विषय आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून मुलांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे आणि त्याला स्वमग्नता आहे. शाळा खासगी, विनाअनुदानित, परंतु मान्यताप्राप्त आहे. शाळा सुटताना फाटकाशी भेटणाऱ्या आम्ही पाच-सहा आया आहोत. कुणाच्या मुलाला कमी ऐकू येते, कुणाच्या मुलीला वाचन-लेखन जड जाते. माझी बहीण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. तिथे अशा पालकांची सल्लागार समिती असते, असे ती सांगते. आम्ही तसा विषय काढला तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "असा काही नियम नाही. ज्याची त्याची तक्रार वर्गशिक्षिकेकडे द्या." आम्हाला खरोखरच काही अधिकार नाही का? — एक आई, सुदामा नगर

उत्तर : आपल्या बहिणीची माहिती बरोबर आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यानुसार तिथल्या प्रत्येक शालेय जिल्ह्यात विशेष शिक्षणासाठी पालकांची सल्लागार समिती असावी लागते. अपंगत्व असलेल्या मुलांच्या कोणत्याही पालकाला तिचे सदस्य होता येते आणि या मुलांचे शिक्षण व सुरक्षितता यांबाबत सल्ला देणे, तसेच विशेष शिक्षणाच्या नियोजनात व मूल्यमापनात शालेय अधिकाऱ्यांबरोबर सहभागी होणे, ही तिची कामे असतात. आपल्या कायद्यात नेमकी अशी समिती नाही. जवळची तरतूद शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ मध्ये आहे. त्यानुसार शाळेत व्यवस्थापन समिती असते, जिला मध्य प्रदेशात शाला प्रबंधन समिती म्हणतात. तिच्यात पाऊणशे टक्के म्हणजे ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मात्र विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही आणि अनुदानित शाळांत ही समिती केवळ सल्लागार असते. आपली शाळा भाषिक अल्पसंख्याक संस्था म्हणून मान्यता मिळालेल्या मराठी संस्थेची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेणे आणखी अवघड होते. समितीपुरते बोलायचे तर मुख्याध्यापिका चुकीचे बोलल्या नाहीत.

परंतु नियम नाही म्हणजे मनाई आहे असे नव्हे, आणि जे मागायचे आहे त्याला कायद्याचा भक्कम आधार आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ मध्ये शासनाने अनुदान दिलेल्या किंवा नुसती मान्यता दिलेल्या शाळांचाही समावेश आहे. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय, वैयक्तिक साहाय्य, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे, या गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. म्हणून पहिल्या पत्रात समितीची मागणी करूच नये, असे माझे मत आहे. "आम्ही अमुक पालक शाळेला साहाय्य करू इच्छितो, सत्रातून दोनदा मुख्याध्यापिका, विशेष शिक्षक आणि आम्ही असे एकत्र बसावे," एवढेच लिहावे, विषय आधी कळवावेत, पत्राची पोच घ्यावी आणि बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टी चार ओळींत लिहून शाळेला पाठवाव्यात. दोन-तीन बैठका अशा नीट पार पडल्या की समितीचे नाव काय ठेवावे, हा प्रश्न मागे पडतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. गटाच्या बैठकीत कुणा एका मुलाचे प्रकरण चालवू नये. त्यासाठी पालक आणि शिक्षक यांची वेगळी भेट असते आणि मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो. गटाने तक्रारीमागची व्यवस्था पाहावी. आपल्यातल्या एका मुलाला कमी ऐकू येते म्हणून त्याचेच उदाहरण घेते. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला चालू पंख्याखाली किंवा रस्त्याकडच्या खिडकीशी बसवले, तर पंख्याची घरघर आणि बाहेरचे भोंगेही ते यंत्र मोठे करून त्याच्या कानात घालते; शिक्षिका फळ्याकडे तोंड करून बोलत राहिल्या, तर ओठ पाहून समजून घेण्याचा मार्गही बंद होतो. त्याची आई एकटी गेली तर फार तर त्याचा बाक बदलेल. गटाने "श्रवणयंत्र वापरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची जागा वर्षारंभी विशेष शिक्षकाने ठरवावी आणि ती त्या वर्गाच्या सर्व शिक्षकांना लेखी कळवावी," असे सुचवले, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाचीही सोय होते. आपल्या मुलाच्या बाबतीत सहल, स्नेहसंमेलन आणि मधली सुट्टी हे तीन प्रसंग याच पद्धतीने विचारात घ्यावेत, कारण स्वमग्न मुलांना "आज घरीच ठेवा" असे बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी सुचवले जाते.

शाळेतल्या विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही पहिल्याच बैठकीत विचारावे. तो आपला हक्क आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये एका विशेष शिक्षकामागे प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थी असे प्रमाण घालून दिले आहे. गटाकडे तो आकडा असलेला बरा.

प्रश्न : माझी मुलगी सरकारी शाळेत पाचवीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे आणि ती आधाराने चालते. यंदा मला शाला प्रबंधन समितीवर घेतले आहे. बैठकीत रजिस्टर पुढे येते, आम्ही सह्या करतो आणि उठतो. शाळेत आणखी काही दिव्यांग मुले आहेत. त्यांच्यासाठी मी या समितीत काय करू शकतो? — एक वडील, बाणगंगा परिसर

उत्तर : आपण ज्या जागेवर बसला आहात ती जागा पहिल्या पत्रातल्या आईला मिळू शकत नाही, म्हणून तिचा पुरेपूर उपयोग करावा असे मनापासून वाटते. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या समितीवर शाळेचा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकलेली आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित गटात आल्यामुळे त्यांच्या पालकांना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे, हेही त्यातच येते. आपल्यासारखे आणखी पालक असतील, तर पुढच्या निवडीत त्यांनाही पुढे आणावे.

पुढच्या बैठकीत सही करण्यापूर्वी एकच कागद मागावा : शाळेने यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदप्रणालीत, भरलेली माहिती. विशेष गरजा असलेले विद्यार्थी किती, कठडा असलेला उतार आहे का, दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे त्यात भरावे लागते. वर्गात बसलेली मुले आणि कागदावरची मुले यांचा मेळ बसतो का, ते पाहावे. कागदावर मूल नसेल तर शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा या सरकारी योजनेत प्रत्येक विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची जी तरतूद आहे, तिच्या हिशेबात ते मूल धरलेच जात नाही. मुलींसाठी दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा वेगळा भत्ताही आहे. आपल्या मुलीला तो मिळतो का, याची विचारणा करावी.

त्यानंतर तो उतार स्वतः मोजावा. नियम १ ला १२ असा आहे, म्हणजे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार किमान ५.४ मीटर लांब हवा. अनेक शाळांत दोन पायऱ्यांवर सिमेंटचा थर ओतून जेमतेम दीड मीटरची घसरगुंडी केलेली असते, कठडा नसतो आणि पावसाळ्यात तिच्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. कागदावर मात्र "उतार आहे" अशी नोंद असते. स्वच्छतागृहाचेही तेच. दार उघडून पाहावे. आत झाडू, बादल्या आणि मोडकी बाके भरलेली असतील, तर ते रिकामे करायला कोणत्याही निधीची गरज नाही आणि आपल्या समितीचा पहिला ठराव तोच असू द्यावा. चालायला आधार लागणारी मुलगी दिवसभर पाणी न पिता बसून राहते, कारण तिला स्वच्छतागृहात जाता येत नाही, ही गोष्ट बैठकीतल्या इतर आयांना सांगितली तर त्यांना ती लगेच समजेल आणि ठरावाला हात वर होतील.

ज्याला पैसे लागतात ते शाळेच्या विकास आराखड्यात लिहून घ्यावे. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या बराच आधी तयार होतो, तेव्हा मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नाही. ठरावाची प्रत जनशिक्षकांमार्फत (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे शिक्षक) विकासखंड स्रोत केंद्रात आणि तिथून जिल्हा शिक्षा केंद्रात जाईल असे पाहावे. दोन-तीन महिन्यांत उत्तर आले नाही, तर कलेक्टर कचेरीत दर मंगळवारी होणाऱ्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत, ठरावाची प्रत जोडून अर्ज द्यावा. समितीचा ठराव सोबत असला की तो एका त्रासलेल्या बापाचा अर्ज राहत नाही, शाळेची मागणी होते.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा आहे, उशिरा बोलू लागला. घरात आम्ही मराठी बोलतो, गल्लीत हिंदी आहे, शाळा इंग्रजी. शाळेने माझ्या सुनेला सांगितले, की मूल गोंधळते आहे, घरी मराठी बंद करा आणि फक्त इंग्रजी बोला. आणखी दोन घरांनाही हेच सांगितले आहे. मला इंग्रजी येत नाही. मी नातवाशी बोलायचेच नाही का? — एक आजी, लोकमान्य नगर

उत्तर : आजी, आपण नातवाशी बोलत राहा, भरपूर बोला आणि मराठीतच बोला. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्याने मुलाला वाचादोष होत नाही आणि बोलण्यातला विलंब त्यामुळे वाढतही नाही; स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीतही अभ्यासकांना हेच आढळले आहे. ज्याला बोलणे उशिरा येते त्याला समृद्ध, सहज, न थकता चाललेले बोलणे ऐकायला मिळणे सर्वांत गरजेचे असते, आणि घरच्या माणसांना ते स्वतःच्या भाषेतच जमते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत "कम", "सिट", "ईट" एवढेच उरले, तर मुलाचे ऐकणे आटते आणि आजी-आजोबा त्याच्या आयुष्यातून बाजूला पडतात. इंदुरात पिढ्यान्पिढ्या मुले मराठी आणि हिंदी एकाच अंगणात शिकत आली आहेत.

विलंबाची तपासणी मात्र टाळू नये. आधी श्रवण तपासून घ्यावे आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात याची सोय असते. तज्ज्ञांना मूल तिन्ही भाषांत मिळून किती शब्द बोलते ते सांगावे, केवळ इंग्रजीतले नव्हे, नाहीतर मूल आहे त्याहून मागे दिसते.

तीन घरांना एकच सल्ला मिळाला आहे, म्हणून हा पालकांच्या गटाचा विषय आहे. आपल्या सुनेने इतर दोन घरांना बरोबर घेऊन शाळेला असे सुचवावे, की एखाद्या नोंदणीकृत वाचा-उपचारतज्ज्ञांना बालवर्गाच्या शिक्षिकांसाठी तासाभराच्या मार्गदर्शनाला बोलवावे. शिक्षिकांनी हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो. मोठ्या वर्गांसाठीही एक गोष्ट गटाने लक्षात ठेवावी : वर सांगितलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षेतल्या बदलांचा उल्लेख असून त्यात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा समावेश आहे. या सवलतींचा अर्ज नववीत करावा. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

प्रश्न : आमच्या गटात आता बरेच पालक झाले आहेत. संस्था म्हणून नोंदणी करावी का? शिवाय आमच्या व्हॉट्सॲप गटावर काहीजण मुलांचे अहवाल आणि प्रमाणपत्रे टाकतात. त्यावर काही बंधन असावे का? — एक पालक, रामबाग

उत्तर : देणग्या घ्यायच्या असतील, भाड्याने जागा घ्यायची असेल किंवा पगारी माणूस नेमायचा असेल, तर मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदणी करावी. शाळेला सल्ला देण्यासाठी ती लागत नाही आणि अध्यक्ष कोण, सचिव कोण यात पहिले वर्ष जाऊ नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम होय असे आहे. अपंगत्व प्रमाणपत्र, बुद्ध्यंकाचा अहवाल, औषधांची चिठ्ठी आणि मुलाच्या बिथरलेल्या क्षणाचा व्हिडिओ, यांपैकी काहीही गटावर येता कामा नये, पालकाने स्वखुशीने टाकले तरीसुद्धा; कारण ते मूल उद्या सोळा वर्षांचे होईल आणि तो कागद तेव्हाही कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. एखाद्याला अहवालाबद्दल विचारायचे असेल, तर त्याने माहितगार पालकाशी समक्ष बोलावे. गटावर बैठकीची तारीख, विषय, ठरलेल्या गोष्टी आणि शासकीय योजनांची माहिती एवढेच असावे, आणि नवा पालक जोडताना हा नियम त्याला आधीच सांगावा. आधी पडलेले कागद आज संध्याकाळीच काढून टाकायला सांगा. ज्याचा संदेश आहे त्याला फार जुना संदेश सर्वांच्या फोनमधून पुसता येत नाही, पण गटाच्या ॲडमिनला सदस्यांचे संदेश काढता येतात, आणि फोनच्या गॅलरीत उतरलेल्या प्रती मात्र प्रत्येकाला स्वतः शोधून पुसाव्या लागतील.